आज्जी, तिच्या तीन वह्या आणि पहाटेची प्रार्थना

रानजाई (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. माझी आज्जी (आईची आई) २०२१ च्या मे महिन्यात गेली. करोनाची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती, नगरला कुठं बेड मिळत नव्हता, दफनाला घरची चार माणसं आणि पाळकसाहेब, ते पण लांब उभे राहून. तिच्याबद्दल कुणी उठून चार शब्द बोलावेत अशी वेळच आली नाही. स्मरणाची उपासना झाली ती पण मोबाईलवर, मधेच आवाज जायचा. आता मामा पुण्याला शिफ्ट होतोय, नगरचं घर रिकामं करतोय आणि तिच्या ट्रंकेतल्या तीन वह्यांचं काय करायचं यावर घरात एकमत होत नाहीये. सल्ला हवाय. पण ती कोण होती हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आज्जीचा जन्म १९३४ चा, नेवासे तालुक्यातला. तिचे आजोबा १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झालेले, म्हणजे ती तिसरी पिढी. गावाबाहेरची वस्ती, एका खोलीची मिशनची शाळा, मास्तर तोच आणि रविवारी उपदेश करणारा पण तोच. चौथीनंतर नगरला मिशनच्या बोर्डिंगात. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून होतं, आमच्यासारख्या कितीतरी घरांतल्या पहिल्या शिकलेल्या बाया ह्याच बोर्डिंगातून निघाल्या. मग १९५२ ला मिरजेला नर्सिंगला, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ ला सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. तिथं पेशंट बेळगाव विजापूरकडून यायचे म्हणून ती कानडी पण शिकली, शेवटपर्यंत कुणी कानडी माणूस भेटला की तिला फार आनंद व्हायचा, उगाच विचारायची ऊटा आयता म्हणून.

नंतर सरकारी नोकरी, नर्स-मिडवाईफ, १९९२ ला रिटायर होईपर्यंत नगर जिल्ह्यातच वेगवेगळ्या उपकेंद्रांवर. आजोबा शिक्षक होते, ते लवकर गेले. चार पोरं हिनंच वाढवली.

आता वह्या. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या, जुन्या दुकानात उधारीला असायच्या तसल्या. सरकारी रजिस्टर वेगळं, ते ऑफिसला जमा व्हायचं. ह्या तिच्या स्वतःच्या. तिनं जे जे बाळंतपण केलं ते सगळं ह्यात आहे. तारीख, वस्ती, आई, कितवी खेप, मुलगा की मुलगी, वजन (आधी पौंडात, नंतर किलोत) आणि शेवटी शेरा. बाळाला त्या वेळी नाव कुठं असतं, म्हणून नोंद अशी असते, "मळ्यातली धाकटी सून, तिसरी खेप, मुलगी, साडेपाच पौंड, उशिरा रडली". किंवा "वडारवस्ती, पायाळू, दोघं सुखरूप". ७२ च्या दुष्काळातली एक नोंद आहे, "खडीच्या कामावर, लिंबाखाली, मुलगा, आई फार पांढरी". त्या वर्षी दुष्काळी कामांवर बाया नवव्या महिन्यापर्यंत खडी फोडायच्या, सुकडी मिळायची तेवढ्यावर दिवस काढायच्या, आज्जी सायकलवर कामाच्या जागेवरच जायची कारण मजुरी बुडेल म्हणून बाया उपकेंद्रावर येतच नव्हत्या.

आणि रोज पहाटे साडेचारला उठून तोंड धुऊन, गोधडीची घडी घालून त्यावर बसून, पदर डोक्यावर घेऊन ती आधी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक उतारा वाचायची, आणि मग वही उघडून त्यातली तीन चार पानं देवापुढं वाचायची. एकेक ओळ. "प्रभू, मळ्यातली धाकटी सून, हिची मुलगी, उशिरा रडली होती, हिला सांभाळ." ती मुलगी तोवर पन्नाशीला आलेली असेल, स्वतः आजी झाली असेल, आज्जीच्या प्रार्थनेत ती अजून साडेपाच पौंडाचीच. तिन्ही वह्या संपल्या की पुन्हा पहिलं पान. आम्ही सुट्टीत तिच्याकडं झोपायचो तेव्हा अर्धवट झोपेत हे कानावर पडायचं, मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचीच आज्जी असंच करते.

शेरा हा कॉलम मात्र तिनं कधी बंद केला नाही. पुढं त्या पोराबद्दल काही कळलं की त्याच ओळीत वेगळ्या शाईनं लिहायची. "दहावी पास." "लग्न, वैजापूर." "मिलिटरीत." "दारू सोडली असं आईनं सांगितलं, उपकार." काही ओळींत फक्त "प्रभूनं नेलं".

तर प्रश्न असा. मामा म्हणतो स्कॅन करून फेसबुकवर टाकू, लोकांना आपापला जन्म सापडेल. आई म्हणते हे देवाला सांगितलेलं आहे, लोकांना नाही, वह्या तिच्याबरोबरच पुरायला हव्या होत्या. मला दोघांचं पटतं म्हणून अडलेय. तुमच्या घरी असं काही असेल तर काय केलंत? आणि तुमच्या ख्रिस्ती आज्ज्या, शेजारणी, शाळेतल्या बाई यांच्या आठवणी असतील तर त्या पण लिहा, तेवढंच तिच्या नावानं चार शब्द बोलल्यासारखं होईल.


काळीमाती:

ताई धागा वाचला आणि आईला वाचून दाखवला. आम्ही पण नेवासे तालुक्यातलेच, तुमच्या आज्जी त्याच की दुसऱ्या ते सांगता येणार नाही कारण आमच्या भागात मिशनमधून शिकलेल्या नर्सबाई दोन तीन होत्या. माझा जन्म ७८ चा, पावसाळ्यातला, ओढ्याला पाणी, वडील बैलगाडी घेऊन रात्री बाईंना आणायला गेले होते. आई सांगते बाई आल्या आल्या पहिलं काम काय तर चुलीवर पातेलं ठेवून ब्लेड आणि दोरा उकळायला लावला आणि सासूच्या हातातला विळा काढून घेतला. त्या काळात नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख नाहीतर शेण लावायचे, पोरं आठव्या दिवशी धनुर्वातानं जायची, आमच्या घरात माझ्या आधीची दोन तशीच गेली होती. आई म्हणते त्या बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं, मला वाटलं मंत्र घातला. सकाळी कळलं की प्रार्थना केली.

बारशाला बोलावलं तर आल्या, खणनारळ घेतला, साडी घेतली नाही.

वह्यांबद्दल माझं स्पष्ट मत, फेसबुकवर अजिबात टाकू नका. नर्सबाईला गावातलं सगळं माहीत असायचं. कुणाची लग्नाआधीची, कुणाची नवरा मुंबईला असताना, कुणी मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं, हे सगळं त्या शेऱ्यात असणार. माणसं जिवंत आहेत, त्यांची पोरं सोयरिकी करतायत. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं आहे ते.


रानजाई:

@काळीमाती, आईंना माझा सलाम सांगा. तुम्ही म्हणता ते खरंय, अशा काही नोंदी आहेत. तिथं तिनं वस्तीचं नाव लिहिलेलंच नाही, फक्त तारीख आणि "एक लेक". आम्हाला ती कोण ते कळणार नाही अशी व्यवस्था तिनंच करून ठेवलीय, पण गावातल्या जुन्या माणसाला तारखेवरून कळू शकतं. मामाला तुमचा प्रतिसाद दाखवते.


पापडीकर:

आम्ही वसईचे, कॅथलिक, कुपारी समाजातले, तेव्हा आमच्या आजीची भक्ती वेगळ्या वळणाची पण जीव तोच. तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिच्या लहानपणापासून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये, ते सगळं तिला ऐकून ऐकून पाठ, अर्थ विचारला तर म्हणायची देवाला कळतं ना बस. मग साठीच्या दशकात व्हॅटिकनची परिषद झाली आणि चर्चमध्ये मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हा म्हणे ती पहिल्या रविवारी रडली, की एवढं सगळं इतकी वर्षं आपण म्हणत होतो आणि ते इतकं सुंदर होतं.

केळी हा आमच्या घरचा धंदा. राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात सुकवायची, रोज उलटायची, मग केळीच्याच सुकलेल्या पानात बांधायची, ती सुकेळी. आजी एकेक केळं उलटताना एकेक नमो मारिया (मारियामातेची प्रार्थना) म्हणायची, जपमाळ हातात धरायला हात मोकळे नसायचे ना. मांडवाची एक ओळ संपली की जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा नमो मारिया, झालं असा तिचा हिशेब. पहाटेच्या लोकलनं भाजी नि फुलं घेऊन मुंबईला जायची त्या डब्यात सगळ्या बायका मिळून रोझरी म्हणायच्या, हिंदू बायका पण साथ द्यायच्या, आणि मग भाईंदर सोडलं की भाव काय मिळेल याच्यावर चर्चा. मे महिन्यात पाड्यावरच्या क्रुसापुढं रोज संध्याकाळी प्रार्थना, नंतर उकडलेले चणे वाटायचे, आम्ही पोरं चण्यांसाठी शेवटपर्यंत थांबायचो.

निर्मळची कार्तिकातली यात्रा ती कधी चुकवत नसे. तिथं शंकराचार्यांचं मंदिर आणि होली क्रॉस चर्च दोन्ही आहेत, यात्रा हिंदूंची पण आमच्याकडची सगळी माणसं जायची, ती तिथून वर्षाच्या टोपल्या नि सुकी मासळी घ्यायची. मला ह्याच्यात कधी काही वेगळं वाटलं नाही, बाहेरगावी शिकायला गेलो आणि "तुम्ही मराठी कसे काय" असं विचारायला लागले तेव्हा वाटलं.

वह्या पुरू नका एवढंच सांगतो. आमच्या आजीचं काहीच लिहिलेलं नाही. तिच्या डोक्यात होतं ते तिच्याबरोबर गेलं.


उंबरझरा:

सुंदर लिहिलंय रानजाई. एक विचारू का, आवडलं नाही तर सोडून द्या. गावाबाहेरची वस्ती म्हणालात. बाळंतपणाला घरात घेणारे लोक एरवी कसे वागायचे आज्जींशी? आणि ख्रिस्ती झाल्यावर ते संपलं का?


रानजाई:

@उंबरझरा, विचारलंत ते बरं झालं, मीच आधी लिहायला हवं होतं असं नाही पण लोक हे विचारत नाहीत आणि आठवणी मग नुसत्या गोड होतात.

नाही संपलं. सुरुवातीच्या पोस्टिंगला एका गावात तिला पाणी वरून ओतायचे. रात्री बाळंतपणाला माजघरात नेलं आणि सकाळी चहा मागच्या दाराला, फुटक्या कानाच्या कपात, तो कप गोठ्यात ठेवलेला असायचा. ती चहा प्यायची. मी एकदा चिडून विचारलं होतं की प्यायलीसच का, तर म्हणाली, "रात्रभर जागलेली होते, चहा हवा होता. कप त्यांचा, पाप त्यांचं." आणि त्याच घरातली नोंद वहीत आहे, आई आणि बाळ दोघांसाठी ती शेवटपर्यंत प्रार्थना करत राहिली.

दुसरं म्हणजे कागदावरचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे तिच्या चुलत्यांची जी पोरं ख्रिस्ती नव्हती त्यांना सवलत, हिला नाही, आणि गावाचा कप मात्र दोघांना सारखाच. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत धरतात. घरात कितीतरी जणांनी तिला सुचवलं की सर्टिफिकेटवर धर्म वेगळा लाव, पोरांचं भलं होईल, बऱ्याच घरांनी केलं पण, मी त्यांना नावं ठेवणार नाही, पोटाचा प्रश्न होता. तिनं केलं नाही. आईला मेडिकलला थोडक्यात ॲडमिशन हुकली. आई हे अजून बोलून दाखवते, आज्जीसमोर पण दाखवायची, आणि आज्जी गप्प बसायची, समर्थन करायची नाही. मला वाटतं तिला त्याचं दुःख होतं पण निर्णयाचा पस्तावा नव्हता, ह्या दोन गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी राहायच्या.


परदेशी_पाखरू:

नगरकर इथे, गेली बरीच वर्षं मेलबर्नला. धागा वाचून हंगामाच्या सणाची आठवण आली!! नगरच्या आणि आसपासच्या चर्चमध्ये लोक आपापल्या शेतातलं आणायचे, ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंड्यांची टोपली, कुणी बोकड सुद्धा, वेदीपुढं सगळं मांडायचं आणि उपासनेनंतर बाहेर आवारात लिलाव. आमची आजी दर वर्षी स्वतःच आणलेला भोपळा स्वतःच लिलावात जास्त पैसे देऊन परत घ्यायची. नातवांनी विचारलं तर म्हणायची देवाला दिलेला भोपळा घरी आला तर वाईट काय. त्याचे मग घारगे.

नाताळच्या आदल्या रात्री भजनी मंडळ ढोलकी पेटी घेऊन घरोघर, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, आणि प्रत्येक घरी करंजी शेव चकली. इथं मेलबर्नला मराठी उपासना महिन्यातून एकदा होते, भजन लागलं की म्हातारी माणसं डोळे मिटून टाळ्या वाजवतात आणि आमची पोरं बघत बसतात. तिथं तुमच्या आज्जींसाठी प्रार्थना ठेवायला सांगतो या महिन्यात.


दौंडपॅसेंजर:

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमधली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या ज्या मुली आणल्या त्यातली एक. किती वर्षांची होती, कुठल्या गावची, आईबाप कोण, काही माहीत नाही, तिला स्वतःलाही नव्हतं. तिथं मुलींना विणकाम, शेती, गुरं, छापखाना अशी सगळी कामं शिकवायचे, पणजी छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायला होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल केलं ते तिथंच छापलं, बायकांनीच जुळारी काम केलं. बाई १९२२ ला गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं.

माझ्या आजीनं सांगितलेली गोष्ट, की पणजी वाचायची ती बोटानं. ओळीवरून बोट फिरवायची आणि उजवीकडून डावीकडं पण वाचू शकायची, कारण खिळे उलटे असतात. म्हातारपणी दिसेनासं झालं तरी मांडीवर बायबल उघडं ठेवून पानावरून बोट फिरवत बसायची. कुणी म्हणालं की अहो दिसत नाही तर कशाला, तर म्हणायची मी हे जुळवलंय.

रानजाई, वही जपा. माझ्याकडं पणजीचं काही नाही, तिच्या जन्माची ओळ कुठल्याच वहीत नाही. तुमच्या आज्जीनं शेकडो बायांच्या पोरांची ओळ लिहून ठेवली, खडीवरच्या बाईच्या पोराची सुद्धा. हे वाचताना मला पणजी आठवली म्हणून लिहिलं.


निळी_शाई:

मी जुन्या कागदपत्रांच्या कामात आहे, तेव्हा थोडं त्या बाजूनं.

अमेरिकन मिशनच्या लोकांची पत्रं, रिपोर्ट, डायऱ्या हार्वर्डच्या ह्यूटन लायब्ररीत अमेरिकन बोर्डाच्या (हे मिशन चालवणाऱ्या संस्थेच्या) संग्रहात आहेत. नगरबद्दल अभ्यास करणारे तेच वाचतात. त्यात इथल्या बाया येतात त्या बहुतेक वेळा "आमची एक नेटिव्ह नर्स", "एक विश्वासू बायबलबाई" अशा, नाव पण नसतं कधीकधी. इथल्या बाईनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मराठीत, चाळीस वर्षं सलग लिहिलेलं असं काही माझ्या पाहण्यात फारच कमी आहे. बाळांची वजनं, खेपा, दुष्काळ, धनुर्वात, आणि त्याच कागदावर प्रार्थना. आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यालाही ते मोलाचं आणि धर्माचा करणाऱ्यालाही. तेव्हा पुरण्याच्या मी पूर्ण विरोधात.

पण काळीमाती यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. यावर मार्ग असतो. एखाद्या संस्थेकडं द्यायच्या तर अट घालून देता येतात, की अमुक वर्षं कुणालाही दाखवायच्या नाहीत, किंवा नावं झाकूनच दाखवायच्या. बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या आर्काइव्हजमध्ये ख्रिस्ती मंडळ्यांचे जुने कागद ठेवतात, तिथं विचारा. लेखी करार करा, तोंडी नको. आणि दिल्या नाहीत तरी स्कॅन मात्र आताच करा. वहीतल्या टाचण्या, क्लिपा, मधे ठेवलेली सुकलेली फुलं पानं आधी काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, ती कुठल्या पानावर होती ते लिहून. डांबराच्या गोळ्या ट्रंकेत असतील तर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, सुती कापडात बांधा.

एक कुतूहल, शेवटची पानं कशी आहेत? अशा वह्यांत लोक मागून उलट बाजूनं काहीतरी वेगळं लिहितात बरेचदा, हिशेब वगैरे.


रानजाई:

@निळी_शाई, खूप आभार. डांबरगोळ्या होत्याच, काल काढल्या.

शेवटच्या पानाचं तुम्ही विचारलंत आणि मी तेच लिहू की नको असा विचार करत होते. तिसऱ्या वहीचं शेवटचं पान उलट बाजूनं लिहिलेलं आहे. वर मथळा, "ज्यांच्यावर राग आहे". खाली नावं. ह्या लोकांसाठी पण ती प्रार्थना करायची, रोज, तीन चार पानं झाली की शेवटी हे पान. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते ती मनात म्हणायची.

त्यात एक साहेब आहेत. आणीबाणीत नसबंदीच्या केसेसचा कोटा आला होता, प्रत्येक नर्सला आकडा. तिनं दोन बायांची नावं यादीत घालायला नकार दिला, एकीला एकच मूल होतं आणि दुसरी टीबीची पेशंट होती. साहेबांनी पगार रोखला. आई सांगते त्या दिवसांत घरात हुलग्याचं माडगं आणि भाकरी एवढंच असायचं, आणि आज्जी ड्युटी एक दिवस चुकवत नव्हती. साहेबांचं नाव त्या पानावर आहे आणि पुढं शेरा, "मुलगी आजारी आहे असे कळले. प्रभू, बरी कर." नंतर वेगळ्या शाईनं, "बरी झाली".

आणि त्यात माझ्या मावशीचं नाव आहे. मावशीनं हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा आज्जी गेली नाही, पुढं दोन वर्षं बोलली नाही. आज्जी कडक होती, हे पण सांगायला हवं. घरात पत्ते चालायचे नाहीत, रविवारी शिवण नाही, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन चूल नाही, पाणी पण नाही, आणि चर्चला सुट्टी असा प्रकारच नाही. गावातल्या लोकांच्या बाबतीत तिचं मन जेवढं मोठं होतं तेवढं स्वतःच्या पोरांच्या बाबतीत नव्हतं असं मला कधीकधी वाटतं, त्यांनी तिच्या वाटेवरूनच चालावं असा हट्ट होता. मावशीनं ते सोसलंय. मग मावशीला दिवस गेले, सातव्या महिन्यात त्रास सुरू झाला आणि आज्जी रजा टाकून तिच्या सासरी जाऊन राहिली, तिथं रोज पहाटे देवघराशेजारच्या खोलीत बसून प्रार्थना करायची, मावशीच्या सासूबाईंनी तिच्यासाठी पाट मांडून ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या वहीत नोंद आहे, "माझी धाकटी, पहिली खेप, मुलगा, अडीच किलो, वेळेआधी, सुखरूप." आणि शेवटच्या पानावरचं मावशीचं नाव एका सरळ रेघेनं खोडलेलं आहे.

मावशीला मी हे पान परवा दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, खोडल्याची तारीख आहे का. नाहीये.


काळीमाती:

ताई, हे पान कुणाला देऊ नका. हे घरचं आहे.


पापडीकर:

+१. बाकी सगळं संस्थेला द्या पण हे नाही. आणि आज्जी कडक होत्या हे लिहिलंत ते फार बरं केलंत, आमची पण होती, माझ्या काकांनी सेमिनरी (फादर होण्याचं शिक्षण) सोडली तेव्हा वर्षभर त्यांच्या ताटात स्वतः वाढलं नाही तिनं, दुसऱ्याच्या हातून वाढायची. प्रेम नव्हतं असं नाही, ताट रोज व्हायचं.


उंबरझरा:

माझं उलट मत. शेवटच्या पानाशिवाय बाकीच्या वह्या अर्धवट आहेत. पुढं कधी कुणी वाचेल त्याला वाटेल किती सोज्वळ बाई होती, कुणाचा राग नाही, लोभ नाही. राग होता आणि त्याचं ती रोज काहीतरी करत होती, हे मला बाकी सगळ्यापेक्षा मोठं वाटतं. नावं झाका, पान ठेवा. पन्नास वर्षांची अट घाला हवी तर.


दौंडपॅसेंजर:

उंबरझरा यांच्याशी सहमत. मात्र मावशींना विचारून.


रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी उपासनेनंतर आम्ही सगळे मामाकडं बसलो, तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. ठरलं ते असं.

फेसबुक रद्द, मामानं मान्य केलं. पहिल्या दोन वह्या स्कॅन करून मूळ वह्या आर्काइव्हला द्यायच्या, २०७० पर्यंत बंद ह्या अटीवर, पत्र मी लिहितेय. गावातल्या कुणी स्वतःची किंवा आपल्या आईची नोंद मागितली तर फक्त तेवढी एक ओळ हातानं उतरवून द्यायची, फोटो नाही. @काळीमाती, तुमच्या आईंनी तारीख सांगितली तर मी आधी तुमचीच शोधते, ७८ चा पावसाळा दुसऱ्या वहीत आहे.

तिसरी वही आईकडं राहील. त्यात मागं बरीच कोरी पानं आहेत आणि आईनं, जी वह्या पुरायला निघाली होती, तिनं सांगितलं की ती वाचणार आहे, पहाटे जमणार नाही, गुडघे धरतात, पण रात्री झोपताना एक पान. शेवटच्या पानाचा निर्णय मावशीवर सोडला. तिनं स्कॅन करायला हो म्हटलंय, साहेबांचं नाव झाकून, स्वतःचं न झाकता.

एक अडचण राहिलीय. पहिल्या वहीतली ५६ ते ६० ची पानं निळ्या शाईची आहेत आणि कडेनं पाणी लागून शाई पसरलीय, मोबाईलच्या फोटोत काहीच येत नाही. @निळी_शाई काही उपाय?


निळी_शाई:

आहे. मोबाईल नको, फ्लॅटबेड स्कॅनर घ्या, ६०० डीपीआयला, रंगीत, काळंपांढरं नाही. रंगीत फाईलमध्ये निळा वेगळा काढून गडद करता येतो, बरंच वाचता येईल. पान सपाट करायला इस्त्री वगैरे अजिबात नको आणि वही पूर्ण उलगडून दाबू नका, पाठ सुटेल. ती पसरलेली पानं सगळ्यात आधी घ्या आणि हे पावसाळ्याच्या आत उरका. मी पुढच्या महिन्यात नगरला येणार आहे, स्कॅनर घेऊन येऊ शकतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.